बांधावरचे खाते

१ जून २०१७ रोजी राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याचे शेतकरी संपावर गेले. शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न तोवर फारसा कुणाला पडला नव्हता. पुणतांबेकरांनी त्याचे सरळ उत्तर काढले: दूध आणि भाजीपाला शहरात जाऊ द्यायचा नाही. बघता बघता लोण राज्यभर पसरले आणि त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. मागण्यांची यादी लांबलचक होती. सरसकट कर्जमाफी, उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव, दुधाला परवडेल असा दर, वीजबिलातून सुटका, साठी उलटलेल्या शेतकऱ्याला पेन्शन. आता ही यादी घेऊन मंत्रालयाचे मजले चढायचे ठरवले, तर कर्जासाठी सहकार खाते, बाजारासाठी पणन, दुधासाठी दुग्धविकास, विजेसाठी ऊर्जा खाते आणि हमीभावासाठी थेट दिल्ली गाठावी लागते. ज्या खात्याच्या पाटीवर ‘कृषी’ असे लिहिले आहे, त्याच्या हातात त्या यादीतले जवळजवळ काहीच नव्हते.

मग हे खाते करते तरी काय? गावात विचारा, उत्तर तयार असते: अनुदान देते आणि पंचनामे करते. उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे, म्हणजे बांधावर जाऊन माहिती देणे आणि शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या मालावर पहारा ठेवणे, हे काम दिसत कमी असले तरी मोलाने जास्त आहे. खात्याचा वेळ मात्र सर्वांत कमी त्याच कामाला मिळतो.

हे पाहायला नगर जिल्ह्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नसावी. (ऑक्टोबर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, एसटीच्या थांब्यावर अजून नगरच.) क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि भात पिकतो. तिथून पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे सरकावे तसा पाऊस पाचशेच्या आसपास येतो, तोही बेभरवशाचा. तिथे बाजरी, तूर, कापूस आणि रब्बी ज्वारी. मध्ये प्रवरा-मुळेचा कालव्याचा पट्टा, ऊस, कारखाने आणि गायींचे गोठे. दक्षिणेला श्रीगोंद्याचे लिंबू, पारनेरचा कांदा; उत्तरेला राहात्याचा पेरू, संगमनेरचे डाळिंब. पुण्याहून एकच सल्ला छापून चौदा तालुक्यांना पाठवला, तर तो एखाद्या तालुक्यात शहाणपणाचा आणि दुसऱ्यात नुकसानीचा ठरू शकतो.

खात्याचा जन्म दुष्काळातला. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळाने दख्खन उजाड झाला, त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि प्रांतांमध्ये शेती खाती असावीत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात १८८१ मध्ये खाते सुरू झाले. सुरुवातीचा हेतू शेतकऱ्याला शिकवण्याचा कमी आणि सरकारला आकडे मिळवून देण्याचा जास्त होता: कुठे किती पेरले, किती उगवले, दुष्काळ येतोय का. आजही खात्याचा माणूस दिवसाचा मोठा भाग आकडे भरण्यात घालवतो तेव्हा हा जुना वारसा आठवल्याशिवाय राहत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन दुष्काळ आले. पाऊस कमी म्हणून जमीनही वाहून जाऊ द्यायची का, हा विचार हळूहळू मूळ धरू लागला. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीच्या कामांना कायद्याचे बळ दिले आणि पुढची अनेक वर्षे खात्याची गावातली ओळख म्हणजे उतारावर आडवे बांध घालणारे लोक अशी राहिली. लोकांना हे बांध फारसे आवडत नसत. समपातळी रेषा शेताची हद्द पाळत नाही. ती कुणाच्याही रानातून तिरकी जाते आणि औताला आडवी येते. अनेकांनी रातोरात बांध फोडलेही. एका गोष्टीचा धडा त्यातून खात्याला मिळायला हवा होता, तो मिळायला पुढे बराच काळ गेला. काम बरोबर असले तरी माणसे बरोबर नसली की ते टिकत नाही.

१९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने प्रशिक्षण व भेट योजना आली. खात्यातले जुने लोक तिला अजूनही ‘टी अँड व्ही’ म्हणतात. गावपातळीच्या कर्मचाऱ्याने पंधरवड्याच्या ठरल्या दिवशी ठरल्या गावात, ठरल्या शेतकऱ्यांकडे जायचे. मधल्या दिवशी वरिष्ठांकडून पुढच्या पंधरवड्याचे शिकून यायचे. पैसा थांबला आणि वेळापत्रकही विस्कटले. तरीही त्या काळी कृषी सहायक कोणत्या वारी येणार हे गावाला ठाऊक असे, ही गोष्ट आजच्या काळात चैनीची वाटावी अशी आहे. १९९८ मध्ये दोन बदल एकदम झाले. राज्यात विस्तार, फलोत्पादन आणि मृदसंधारण अशा वेगवेगळ्या शाखांचे कर्मचारी एका छपराखाली आणून ‘एक खिडकी’ पद्धत सुरू झाली; एका कृषी सहायकाकडे तीन-चार गावे, आणि शेतीतली सगळी कामे त्याच्याचकडे. त्याच वर्षी केंद्राने सात राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत ‘आत्मा’चा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचा, प्रयोग मांडला. योजना जिल्ह्याने, शेतकरी गटांसोबत बसून आखायच्या, वरून येऊ द्यायच्या नाहीत, अशी त्यामागची कल्पना. महाराष्ट्रातून निवडलेल्या जिल्ह्यांत नगर होते. पुढे ‘आत्मा’ देशभर पसरली आणि पसरता पसरता बरीचशी प्रशिक्षण सहली आणि मेळाव्यांची योजना होऊन गेली.

खात्याची उतरंड अशी: पुण्यात कृषी आयुक्त, नाशिकला विभागीय सहसंचालक, नगरला जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, मग उपविभाग, तालुका, मंडळ आणि शेवटी पर्यवेक्षक व कृषी सहायक. याला समांतर जिल्हा परिषदेचा कृषी विभाग वेगळाच. त्याचा प्रमुख कृषी विकास अधिकारी, पंचायत समितीत त्याचे अधिकारी, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठीच्या विहिरींच्या योजना त्यांच्याकडे. शेतकऱ्याला हे दोन विभाग निराळे आहेत हे बहुधा चुकीच्या कचेरीत अर्धा दिवस घालवल्यावरच कळते.

आता बांधावर जाऊ. ठिकाण शेवगाव, पाथर्डी, नेवाशाचा कापूसपट्टा. वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरची, झाडाला हिरवी बोंडे लागलेली. खात्याच्या शेतीशाळेचा वर्ग भरलाय. फळा नाही, बाक नाही. पंचवीसेक शेतकरी रानात पसरलेत. प्रत्येकाने शेतात तिरके चालत जाऊन वीस झाडे निवडायची आणि प्रत्येक झाडाचे एक, अशी वीस बोंडे तोडून आणायची. बाहेरून बोंड ठणठणीत दिसते. ते हाताने दाबून फोडायचे आणि सरकीपाशी बघायचे. वीसपैकी दोन बोंडांत गुलाबी अळी सापडली म्हणजे प्रमाण दहा टक्के झाले, आणि दहा टक्के ही रेषा आहे. तिच्या खाली फवारणीचा खर्च वाया. तिच्यावर गेल्यावर गप्प बसलात तर पीक वाया. शेतात टांगलेल्या कामगंध सापळ्यांचेही तसेच: सलग तीन रात्री एका सापळ्यात आठच्या वर नर पतंग आले, की धोक्याची घंटा. खात्याच्या कागदात याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात.

हे गणित साधे दिसते, पण कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ते कुणी सांगत नाही. तिथे शेतकरी ‘अळी पडलीय’ म्हणतो आणि दोन बाटल्या घेऊन जातो. गुलाबी अळीची खोड अशी, की ती अंड्यातून निघताच बोंडात शिरते आणि आत शिरल्यावर तिचे छिद्र बुजते. वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. २००२ मध्ये आलेल्या बीटी कापसाने सुरुवातीला बोंडअळ्यांपासून सुटका केली. पुढे गुलाबी अळीने बीटीच्या विषाला दाद देणे सोडले आणि २०१७ मध्ये राज्यभर कापसाची बोंडे आतून पोखरली गेली. तेव्हापासून खात्याचा धोशा चालू आहे: १ जूनच्या आधी कापूस लावू नका, डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे जुन्याच झाडांचे पुन्हा पीक, घेऊ नका. उद्देश एवढाच, की काही महिने रानात कापूसच नसावा आणि अळीची साखळी तुटावी. एका शेतकऱ्याने पाळून याचा उपयोग नाही. शिवारातल्या सगळ्यांनी पाळले तरच आहे. अशा कामाला दुकानदार उपयोगाचा नाही आणि एकटा हुशार शेतकरीही नाही. गावाला एकत्र बसवून सांगणारा, विकायला काहीच नसलेला माणूस लागतो. सरकारी खाते कशाला हवे या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर दुसरे क्वचितच मिळेल.

किडींवर नजर ठेवणारी यंत्रणाही याच धाग्यातली. २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला, त्यानंतर २००९-१० पासून राज्याने ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू केला. ठरावीक शेतांतून ठरावीक दिवशी किडींची मोजणी होते, आकडे कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडे जातात आणि सल्ला परत गावात येतो. २०१८ मध्ये अमेरिकेतली लष्करी अळी भारतात मक्यावर अवतरली, तेव्हा ही मोजणीची सवय कामी आली.

सल्ला येतो कुठून? नगरकरांसाठी याचे उत्तर मनमाड रस्त्यावरच आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले आणि पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातले दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. डाळिंबाचे ‘भगवा’ वाण इथले. संगमनेर-राहात्यातल्या कित्येक बंगल्यांच्या पायात या वाणाचा पैसा आहे. संकरित ‘फुले त्रिवेणी’ गाय इथलीच. रब्बी ज्वारीच्या बाबतीत तर विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणे वाटून दिली: हलक्या जमिनीला ‘फुले अनुराधा’, मध्यमला ‘फुले सुचित्रा’, भारीला ‘फुले वसुधा’ किंवा ‘फुले रेवती’. वाण आणि शिफारशी शास्त्रज्ञांच्या संयुक्त बैठकीतून तावून-सुलाखून निघतात आणि मग कृषी खात्याच्या हाती येतात. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे मधला दुवा. कागदावर साखळी पक्की आहे. गोम शेवटच्या कडीत आहे. चार इंच मातीच्या रानात भारी जमिनीचे वाण पेरले तर ज्वारी निसवायच्या आतच वाळते. हे वाण तुझ्या रानाला नाही, असे पेरणीआधी सांगायला कुणीतरी ते रान पाहिलेले असावे लागते.

खात्याचे दुसरे काम पहाऱ्याचे. बियाण्यासाठी १९६६ चा कायदा आणि १९८३ चा नियंत्रण आदेश, कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा, खतांसाठी १९८५ चा आदेश. या कायद्यांखाली नेमलेले निरीक्षक म्हणजे खात्याचेच अधिकारी. दुकानात जाऊन नमुना काढणे, प्रयोगशाळेत पाठवणे, संशय आला तर विक्रीबंदचा आदेश देणे हे अधिकार त्यांना आहेत. जूनमध्ये भरारी पथके फिरतात ती याचसाठी. तरी युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारण्याचा प्रकार, ज्याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात, दर हंगामात नव्याने चर्चेला येतो.

२०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. नगर जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. अशा वेळी कायदा काय म्हणतो हे शेतकऱ्याला ठाऊक असणे फार गरजेचे. तक्रार आली की तालुका तक्रार निवारण समिती शेतावर जाते. तीत कृषी अधिकारी असतात, विद्यापीठाचा शास्त्रज्ञ असतो. ते ओळी मोजतात, रोपे मोजतात आणि पंचनामा करतात. भरपाई मिळवून देणे मात्र त्यांच्या हातात नाही. बियाणे कायद्यात कंपनीला दंड आहे, शेतकऱ्याला भरपाई नाही. ती हवी तर ग्राहक आयोगाचा दरवाजा ठोठावावा लागतो. शेतकरीही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. तिथे समितीचा पंचनामा हाच शेतकऱ्याचा मुख्य पुरावा ठरतो. म्हणून पावती, पिशवी, पिशवीचा टॅग आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा असे खाते सांगते. पिशवी बहुतेकांच्या घरी पेरणीच्याच दिवशी चुलीत किंवा उकिरड्यावर गेलेली असते.

त्याहून सोपा उपाय खात्याने त्याच सुमारास गावोगावी शिकवला. घरचेच सोयाबीन पेरायचे तर आधी उगवण तपासा. स्वच्छ बारदान्याचा तुकडा भिजवून पसरायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज थोडे पाणी शिंपडायचे. पाच-सात दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर हेक्टरी पंचाहत्तर किलोने बिनधास्त पेरा. थोडे कमी निघाले तर बियाणे वाढवा. फारच कमी असेल तर ते आडतीला घाला, रानात नको. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोती एकावर एक उंच रचली तरी कोंब मरतो, हेही त्याच वेळी सांगितले जाते. आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, हे तर दरसालचे वाक्य आहे. पहिल्या सरीला पेरून दुबार पेरणीची पाळी येणारेही दरसालचेच.

पाण्याच्या कामात नगर जिल्ह्याचा लौकिक देशभर आहे, आणि त्याचे श्रेय वाटताना खात्याने थोडे मागे उभे राहायला हवे. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंनी १९७५ नंतर काम सुरू केले. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने उजाड डोंगर हिरवा केला. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि पुढे गाव शासनाच्या आदर्श गाव योजनेत आले. सलग समतल चर, नालाबांध, पाझर तलाव या सगळ्याचे तंत्र आणि निधी सरकारी योजनांतला होता. पण कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, ऊस लावायचा नाही, हे नियम हिवरे बाजारच्या ग्रामसभेने केले आणि पाळले. २००४ पासून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते: पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरले, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरल्यात रब्बीला काय घ्यायचे. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जास्त पाण्याची पिके नाहीत. शेजारच्या कितीतरी गावांना तेच चर, तेच बंधारे मिळाले. ताळेबंद मिळाला नाही.

उलट उदाहरण शेततळ्यांचे आहे. पावसाचे वाहते पाणी अडवून कोरड्या खंडात पिकाला एखाद-दुसरे पाणी द्यायचे, ही मूळची छान कल्पना. डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात मात्र प्लास्टिकचे अस्तर घातलेली अवाढव्य तळी उभी राहिली आणि ती विहिरी-बोअरचे पाणी उपसून भरली जाऊ लागली. जमिनीखाली सुरक्षित असलेले सगळ्यांचे पाणी एकाच्या तळ्यात आले आणि उन्हाने उडू लागले. खात्याचे अनुदान मिळते ते खड्ड्याच्या मापावर. त्यात भरलेले पाणी कुठून आले, हे विचारणारा रकाना मोका तपासणीच्या अर्जात नसतो.

सगळ्यात नाजूक काम मात्र वेगळेच आहे: पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळात एका पिकाचे दहा-बारा प्रयोग होतात आणि तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांच्यात ते वाटले जातात. गावातला गट नंबर चिठ्ठीसारखा यादृच्छिक निघतो. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यातून पुन्हा यादृच्छिक अंक पाहून लांबीत इतकी पावले, रुंदीत इतकी पावले चालायचे आणि जिथे थांबाल तिथे खुंटी ठोकायची. चांगले पीक बघून ठोकली तरी गुन्हा, पडलेले बघून ठोकली तरी गुन्हा. दोरी लावून तुकडा आखायचा, त्यातले सगळे पीक कापायचे, तिथेच मळून वजन करायचे, मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह फोटो चढवायचा. भोवती शेतकरी उभे असतात आणि वजन कमी भरावे अशी त्यांची इच्छा असते. विमा कंपनीचा माणूस असेल तर त्याची इच्छा उलटी. तराजू धरणारा मधे.

या तराजूचे वजन २०२५ मध्ये एकदम वाढले. २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात पीक विमा मिळत होता. बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद करून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्के झाला. त्याच वेळी गारपीट, पूर, काढणीनंतरचे नुकसान यांसाठी बहात्तर तासांत तक्रार करून मिळणारी वेगळी भरपाई राज्याने योजनेतून काढली. उरला एकच आधार: मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठ्याखाली गेले की नाही. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी आणि तिचे सत्तर टक्के. त्याच सप्टेंबरात मराठवाड्याबरोबर शेवगाव, पाथर्डीकडच्या नद्यांनी काठ सोडले आणि उभी पिके पाण्याखाली गेली. मंडळातल्या एका ओढ्याकाठचे पीक वाहून गेले आणि टेकाडावरचे वाचले, तर सरासरी उंबरठ्यावर राहू शकते आणि ओढ्याकाठच्याला विम्याचा छदामही मिळत नाही. त्याच्या वाट्याला मग आपत्ती निधीची मदत: तेहतीस टक्क्यांवर नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, बागायतीला सतरा हजार, फळबागेला साडेबावीस हजार. त्या वेळी राज्याने मर्यादा दोनवरून तीन हेक्टरवर नेली. पंचनामा करायला पुन्हा तेच तिघे: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक.

ज्या आठवड्यात कृषी सहायक पंचनाम्यात अडकतो, त्या आठवड्यात रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालू असते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा तिचा काळ. किलोला चार ग्रॅम गंधक चोळून बी पेरले की काणी येत नाही, हे अगदी जुने आणि अगदी स्वस्त तंत्र. ते करून दाखवायला नेमका त्याच दिवसांत माणूस लागतो.

खात्याच्या दृष्टीतून एखादी गोष्ट पूर्णपणे निसटू शकते, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. खाते आणि विद्यापीठे सुधारित बियाण्यांचा प्रसार करत होती, त्या दशकांत त्या गावरान वाल, घेवडा, भात, भाज्यांचे बी मडक्यांत राखेत घालून जपत राहिल्या. त्यांच्या कामाला बाएफ या संस्थेने हात दिला, बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीने त्यांना जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत घेतले, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आता कृषी प्रदर्शनात त्यांचा स्टॉल दिमाखात लागतो. सुधारित वाणाने उत्पादन वाढवले यात शंका नाही. पण डोंगरातल्या चढाच्या रानात, जिथे खतही पाठीवर न्यावे लागते, तिथे कोणते बी टिकते याचे ज्ञान खात्याच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हते.

अनुदानाची बाजू आता जवळजवळ पूर्णपणे मोबाइलवर गेली आहे. महाडीबीटी पोर्टलवर एकच अर्ज, त्यात ठिबकपासून ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरपर्यंत सगळे. आधी सोडत निघे. २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी, असा नियम झाला. त्यासाठी १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा. ठिबकला अल्प व अत्यल्पभूधारकाला राज्याच्या जोडीने ऐंशी टक्के, बाकीच्यांना पंचाहत्तर टक्के. पूर्वी अवजार मिळायचे की नाही हे साहेबाच्या मर्जीवर असे, ते गेले, ही मोठीच गोष्ट. पण आधी खरेदी, मग अनुदान, या क्रमाने ज्याच्याकडे आधीच पैसा किंवा पत आहे त्यालाच योजना सोयीची होते. आणि पूर्वसंमती, मोका तपासणी, फोटो, बिल चढवणे, त्रुटी दुरुस्ती या सगळ्या पायऱ्यांवर शेतकरी ज्याला फोन करतो, तो पुन्हा तोच कृषी सहायक.

मे २०२५ मध्ये हे कृषी सहायक राज्यभर आंदोलनात उतरले. एवढी सगळी ॲप भरायची तर लॅपटॉप द्या, मदतीला माणूस द्या, पदनाम बदला, अशा मागण्या होत्या. पदनाम लगेच बदलले. कृषी सहायक आता सहाय्यक कृषी अधिकारी झाला आणि पर्यवेक्षक उप कृषी अधिकारी. गावे तीन-चारच राहिली, काही ठिकाणी रिक्त जागेचा अतिरिक्त कार्यभार धरून त्याहून जास्त. ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याचे नाव, नंबर आणि भेटीचा वार लिहिलेला असावा, अशी अपेक्षा आहे. तो वार वाचून त्या दिवशी बांधावर बोलावणे, घरच्या सोयाबीनची उगवण तपासून घेणे, माती परीक्षणाला नमुना देताना तो शेताच्या एकाच कोपऱ्यातून न घेता आठ-दहा जागांवरून घेतला जातो का ते पाहणे, कापणी प्रयोगाच्या दिवशी हजर राहून नोंदलेले वजन बघणे, या सगळ्याला ना अर्ज लागतो ना ओळख क्रमांक. पुणतांब्याच्या मागण्यांतल्या एकाही मागणीचे उत्तर यात मिळत नाही. ती उत्तरे दुसऱ्या मजल्यांवर आहेत.